मागच्या खोलीतली ऊब

१

रायमो कार्पिनेनने तेहेतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर, बायको गेल्यानंतर, शहरातलं घर विकून तो दूर उत्तरेकडच्या काइनूच्या जंगलातल्या या तळ्याकाठच्या वस्तीत राहायला आला, आणि पहिल्याच हिवाळ्यात ऐंशी वर्षांच्या शेजारणीने त्याला त्याच्याच विषयात चीत केलं.

दोघांची घरं जुळी होती. युद्धानंतर एकाच नकाशावरून एकाच सुताराने बांधलेली, लाकडाची, मधोमध विटांचं धुराडं आणि त्याभोवती खोल्या. मध्ये चाळीस पावलांचं अंगण. हीट पंपही दोघांकडे एकाच बनावटीचा. आत भिंतीवर लांबट पांढरी पेटी, बाहेर लोखंडी पायांवर उभा पंखा. गोठलेल्या हवेतही थोडी ऊब शिल्लक असते. ती वेचून घरात आणायची, एवढंच त्या यंत्राचं काम. वीज लागते ती फक्त हमालीपुरती. रायमोने हे फळ्यावर हजार वेळा काढून दाखवलेलं. तरीही त्याच्या घरात काटा एकोणीसवर रखडायचा, आणि हेल्वी मोइलानेनबाईंच्या घरात एकवीस असायचे, तेही तिसरा हिस्सा कमी विजेत.

एका सकाळी हेल्वीबाई बर्फावरून ढकलगाडी रेटत आल्या, दारात बूट काढले आणि लोकरी मोज्यांवर थेट पेटीखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, तू त्याला छळतोस."

"कुणाला?"

"यंत्राला. झोपताना सोळावर आणतोस, उठलास की बावीस. मला ऐकू येतं ना. सकाळी सहाला तुझा पंखा धापा टाकत असतो."

"झोपलेल्या माणसाला कशाला हवंय तापलेलं घर?"

"माणूस झोपतं. घर झोपत नाही. भिंती एकदा गार पडल्या की त्यांना परत आणायला दुप्पट कष्ट. एक आकडा धर आणि परत हात लावू नकोस."

मग त्यांनी वाऱ्याची झडप खाली वळवली, पंखा जोरात केला, झाकण उघडून आतली जाळी काढली आणि खिडकीसमोर धरली. जाळीवर करड्या धुळीची गोधडी होती.

"यातून तू श्वास घेऊन दाखव," त्या म्हणाल्या. "आणि हे भिंतीवरचे विजेचे हीटर दोन अंश खाली ठेव. एका कामावर दोन गडी लावलेस तर दोघंही एकमेकांचं तोंड बघत बसतील. घरातली दारं उघडी टाक. सगळी."

महिन्याभरात रायमोची वीज चौथ्या हिश्श्याने उतरली. हेल्वीबाईंची बरोबरी मात्र झाली नाही. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. तेहेतीस वर्षं तो उष्णतेबद्दल बोलत होता. ही बाई उष्णतेशी बोलत होती.

२

दर गुरुवारी अकरा वाजता तो त्यांच्याकडे कॉफीला जाऊ लागला. कॉफीत बुडवलेलं भाजकं चीज खायचं आणि बाईंचं काम बघायचं.

बघण्यासारखं होतंच ते. पंख्यावरचा बर्फ त्या केरसुणीने झाडायच्या, लोखंड कधी लावायच्या नाहीत. तासाभराने यंत्र स्वतःच थांबायचं, अंगावर साठलेला बर्फ वितळवायला. पंखा गप्प व्हायचा, आत कुठेतरी गुळगुळ वाजायचं, आणि बाहेर पांढऱ्या वाफेचा ढग उठायचा. त्या वेळी बाई हातातलं काम सोडून कान देऊन उभ्या राहायच्या. पंखा पुन्हा सुरू झाला की मान हलवून कामाला लागायच्या. आजारी माणसाच्या उशाशी बसलेली बाई अशी मान हलवते, असं रायमोला एकदा वाटून गेलं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याने त्यांच्या परवानगीने घरभर छोटे तापमापक ठेवले. यंत्र होतं त्या मोठ्या खोलीत एकवीस. स्वयंपाकघरात वीस. जिन्यापाशी वीसला किंचित कमी. सगळं जसं असायला हवं तसं.

मागच्या खोलीत चोवीस.

ती खोली धुराड्यामागे, उत्तरेच्या कोपऱ्यात. दोन वळणं घेणाऱ्या अरुंद बोळातून तिथे जायचं. आत एक खुर्ची, एक खिडकी, आणि भिंतीला लागून पलंग. पलंगावर लोकरी पांघरुणं, एकावर एक सात-आठ, कडा नीट खोचलेल्या.

"मागच्या खोलीत चोवीस आहेत," तो परत येऊन म्हणाला.

"असतील."

"असतील कसे? यंत्र इकडे आहे. हवा तिथे पोचेपर्यंत गार व्हायला हवी. ऊब गरमाकडून गाराकडे जाते, हेल्वीबाई. उलटी जात नाही."

"तुझ्या शाळेत जात नसेल." त्यांनी त्याचा कप भरला.

"तिथे कोण झोपतं?"

"मी वर झोपते," बाई म्हणाल्या आणि चीजची बशी पुढे सरकवली.

३

रायमोला झोप उडवणारी कोडी आवडत नसत. त्याने एकेक शक्यता घेतली आणि खोडत गेला.

तापमापक खराब असेल. अदलाबदल करून पाहिली. जो मागे ठेवला त्याने चोवीस दाखवले. धुराडं तापत असेल. पण चूल नऊ वर्षांत पेटली नव्हती. त्याने विटांना गाल लावून पाहिला, त्या गार होत्या. ऊन असेल, तर खिडकी उत्तरेला, आणि जानेवारीत सूर्य झाडांच्या शेंड्यांवरही नीट चढत नाही. खोलीत विजेचं बटणसुद्धा नव्हतं.

शेवटी एका गुरुवारी, बाई कॉफी गाळत असताना, तो बोळात जमिनीवर पालथा झोपला आणि उंबऱ्याशी मेणबत्ती धरली. ज्योत खोलीच्या दिशेने वाकली. उभं राहून चौकटीच्या वरच्या अंगाला धरली, तर ती बाहेर वाकली. खालून गार हवा आत चालली होती, वरून गरम बाहेर येत होती. म्हणजे ऊब कुठून येत नव्हती. ती त्या खोलीतच तयार होत होती.

घरी जाऊन त्याने आकडेमोड केली. खोली केवढी, भिंती किती जाड, बाहेर किती थंडी. एवढ्या खोलीला तीन-चार अंश वर धरायला किती ऊब लागेल ते काढलं. उत्तर फार मोठं नव्हतं. शंभर वॉटच्या आसपास.

त्या उत्तराखाली त्याने सवयीने, विद्यार्थ्यांना समजावं म्हणून लिहायचा तसं, एक उदाहरण लिहिलं: झोपलेला एक माणूस देतो तेवढी. मग ते वाक्य त्याने खोडलं, आणि खोडलेलं दिसू नये म्हणून पान फाडलं.

४

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हेल्वीबाई पायरीवरून घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिकेत चढवताना त्यांनी रायमोची बाही पकडली. वेदनेने ओठ पांढरे झाले होते, पण आवाज रोजचाच.

"एकवीस. खाली आणू नकोस. आणि मागचं दार उघडं."

"ठेवतो. तुम्ही काळजी करू नका."

"मी काळजी करत नाही. मी सांगतेय."

तिसऱ्या दिवशी त्यांच्या भाच्याचा, यार्मोचा, राजधानीतून फोन आला. "आत्याला कळू देऊ नका, मास्तर, पण रिकामं घर एकवीसला ठेवायचं म्हणजे अतीच नाही का? दोन-तीन महिने ती काही येत नाही. नळ गोठणार नाहीत एवढं ठेवा. दहा. आणि नको त्या खोल्यांची दारं लावून घ्या."

यार्मोचं म्हणणं बरोबर होतं. दहावर ठेवायचं वेगळं बटण त्या यंत्रावर होतं, उन्हाळी बंगल्यांसाठी दिलेलं. रायमोला कुणी परीक्षेत विचारलं असतं तर त्यानेही हेच उत्तर दिलं असतं, आणि अशी चूक शहाण्या माणसाच्याच हातून होते.

एक फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता त्याने बटण दाबलं. पेटीची झडप हळूहळू मिटली. घर इतकं गप्प झालं की त्याला स्वतःच्या मोज्यांचा आवाज आला. मग तो बोळातून मागे गेला.

दार लागेना. चौकटीवर आणि दारावर रंगाचा एकच जाड थर होता. कित्येक वर्षांत ते कुणी लावलंच नव्हतं. त्याने खांदा टेकवून रेटलं. दार अर्ध्यावर आलं आणि तिथे पलीकडून मऊसर काहीतरी आडवं आल्यासारखं अडलं. त्याने जोर वाढवला, आणि ते बाजूला झालं.

लाकूड फुगलं असेल, असं मनाशी म्हणत त्याने कडी घातली.

५

दिवसाआड तो पाहणीला जायचा. पहिल्या फेरीला मोठ्या खोलीत बारा अंश होते. घर निवत चाललं होतं, ठीकच होतं. दुसऱ्या फेरीला तेरा.

तिसऱ्या फेरीला सोळा.

बाहेर उणे एकोणतीस होतं. तळ्यावरचा बर्फ दिवसभर तडतडत होता. यंत्राच्या विजेचा आकडा मात्र एक तारखेपासून जिथल्या तिथे होता. त्याला चालायची गरजच पडत नव्हती. दहा मागितले होते आणि घरात सोळा होते. बाहेरच्या पंख्यावर वीतभर बर्फ बसला होता, त्यावर पाखराच्या पायांची एकच रांग.

एकोणीस. मग एकवीस. या घराला एवढ्या थंडीत एकवीसला धरायला किती ऊब लागते ते रायमोला तोंडपाठ होतं. तेवढी ऊब कुणीतरी पुरवत होतं, आणि वीज एक कणही लागत नव्हती. त्याच्यातल्या मास्तराला क्षणभर कौतुकच वाटलं. असं यंत्र जगात कुणाला करता आलेलं नव्हतं. मग तो दारापाशी आला, आणि कौतुक तिथेच राहिलं.

मागच्या खोलीच्या खिडकीखालून बर्फावर एक पट्टा निघाला होता. तेवढ्या भागात बर्फ भुसभुशीत राहिला नव्हता. त्यावर बोटभर लांब काटेरी स्फटिक उगवले होते, पिसांसारखे, सगळे एकाच दिशेला कललेले. पट्टा रुंदीला दारापेक्षा मोठा नव्हता. तो सरळ अंगणातून निघाला होता आणि बारा पावलांवर संपत होता.

दोन दिवसांनी तो वीस पावलांवर होता. त्यावर हात धरला तर कोरड्या थंडीने कातडी ओढल्यासारखी व्हायची. पट्ट्याच्या वाटेत एक बर्च वृक्ष होता. त्या दुपारी तो बुंध्यापासून उभा चिरला. आवाज बंदुकीसारखा आला.

पट्टा रायमोच्या घराच्या रोखाने येत होता.

६

आधी कॉफी. ओतायची, साखर घालायची, आणि कप तोंडाला लावेपर्यंत ती गार. कप बदलून पाहिले.

मग भिंत. हेल्वीबाईंच्या घराकडे तोंड असलेल्या भिंतीवर, आतून, भिंतीला चिकटवलेल्या कागदावरच्या फुलांवर दव धरलं आणि सकाळी ते पांढरं झालं. त्याचं यंत्र आता अखंड चालत होतं. त्याने जाळी धुतली, पंखा झाडला, आकडा हलवला नाही, शिकवलेलं सगळं केलं. बाहेरचा पंखा बर्फ वितळवायला थांबायचा, पण वाफ उठायची नाही. घरात अठरा, मग सोळा. भिंतीवरचे हीटर लावले. पंधरा.

शनिवारी दुपारी त्याने सॉना, वाफेने अंग शेकायची लाकडी खोली, तापवला. दोन तास जळाऊ बर्च घातला. शेगडी बाजूने लाल झाली. तो फळीवर बसला आणि दगडांवर पाणी टाकलं. दगड चरचरले, वाफ उठली, छताला लागली आणि त्याच्या अंगावर उतरली. ती गार होती. तळघरातल्या हवेसारखी. समोर लाल शेगडी, आणि रायमोच्या दंडांवर काटा. साठ वर्षं तो सॉनात बसत आला होता. सॉनात त्याला आजवर कधी थंडी वाजली नव्हती. त्याने टॉवेल गुंडाळला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला, कारण घरात याहून गार होतं.

त्यानंतर त्याने काखेत तापमापक धरला. चौतीस पूर्णांक आठ. सरळ उभं राहून पुन्हा मोजलं. चौतीस पूर्णांक सात.

खिडकीतून पाहिलं तर पट्टा त्याच्या पायरीला टेकला होता.

७

गुरुवारी बारा वाजता फोन वाजला.

"मास्तर, मी हेल्वी."

"कसा आहे पाय?"

"पाय पायाच्या जागी आहे. मागच्या खोलीत किती आहेत?"

"आत गेलो नाही. मोठ्या खोलीत पंचवीस."

"आणि यंत्र?"

रायमोकडे उत्तर तयार होतं. पण खोटं बोलणाऱ्या पोरांचे आवाज त्याने जन्मभर ऐकले होते, आणि आपला कसा येईल ते त्याला माहीत होतं.

"दहावर आहे. दार लावलंय. एक तारखेपासून."

फोनमध्ये बराच वेळ इस्पितळातली कुठलीशी ढकलगाडी वाजत राहिली. बाई रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच त्याला जड गेलं.

"तुझ्या घरात किती?"

"काल चौदा. आज तेरा."

"एकटाच आहेस ना?"

"हो."

"मग थोडा वेळ आहे."

"हेल्वीबाई, परवा माझी मुलगी येतेय, तीना. शाळांना हिवाळ्यातली स्कीची सुट्टी लागते ना. नातीला घेऊन येतेय."

"केवढी आहे?"

"चार वर्षांची."

"मग आज जा. आत्ता, उजेड आहे तोवर." त्यांचा आवाज कोरडा आणि नेमका झाला, जाळी कशी धुवायची ते सांगतानाचा. "आधी पंख्यावरचा बर्फ झाड, घाईत विसरशील. मग दार उघड. मग यंत्र लाव, आणि ते चालू झालेलं कानांनी ऐकल्याशिवाय निघू नकोस."

"आत काय आहे?"

"पलंगाकडे बघू नकोस असं मी सांगणार नाही. बघशीलच. पांघरुणाला हात लावू नकोस."

८

थंडीने बधिरलेल्या बोटांनी केरसुणी धरली जात नव्हती. त्याने ती दोन्ही मनगटांत दाबली आणि पंखा झाडला, पाती मोकळी केली, जाळीच्या मागचा बर्फही काढला. बाई असत्या तर त्यांनीही एवढंच नीट केलं असतं.

घरात पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरली. उकडत होतं. वासही होता, पण वाईट नव्हे. सकाळी बराच वेळ झोपलेल्या लेकराच्या अंथरुणाला येतो तसा. भिंतीवरची पेटी मिटलेली, विजेचा आकडा जागच्या जागी. तरीही पंख्यासारखी घरघर ऐकू येत होती. ओठ मिटून कुणी एकच सूर धरावा तशी, मागून. तो उभा होता तेवढ्यात ती थांबली. गुळगुळ वाजलं. मग पुन्हा सुरू झाली.

यंत्राचंच हे अनुकरण आहे की यंत्राआधीचं आहे, असा एक प्रश्न त्याच्या डोक्यात आला. त्याने तो तिथेच सोडून दिला आणि बोळात शिरला.

कडी हाताइतकी ऊबदार होती. त्याने ती काढली आणि दार ओढलं. त्याच्यामागून बोळातली गार हवा जमिनीलगत आत गेली. ती पायांवरून गेलेली त्याला कळली.

खिडकीतून निळसर उजेड येत होता. पांघरुणं नीट खोचलेली होती, फक्त मधोमध उंच झालेली. खालच्या कडेपाशी मात्र ती सुटली होती आणि तिथून काहीतरी बाहेर आलं होतं. ते काय होतं हे रायमोला पुढे कधीच सांगता आलं नाही. गार हवा तिथवर पोचली, आणि ते आत ओढून घेतलं गेलं. दचकून नव्हे. झोपेत पाय उघडा पडला की माणूस आत घेतं, तसं सावकाश. मग पांघरुणं खाली बसली आणि घरघर बंद झाली.

तो पाठ न वळवता बोळातून मागे आला. यंत्रावर एकवीस दाबले.

काहीच झालं नाही.

घरात पंचवीस होते. एकवीस मागून यंत्र कशाला चालेल? हे कळायला त्याला जितका वेळ लागला तितका वेळ त्याच्या छातीत थंडी उतरत होती. पंचवीस अंशांच्या खोलीत त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. त्याने बोटाऐवजी अंगठ्याच्या पेराने बटण दाबायला सुरुवात केली. बावीस, तेवीस, एकेक करत तीसपर्यंत.

झडप उघडली. बाहेरचा पंखा लगेच सुरू होत नाही. तीन मिनिटं थांबतो. हे त्यानेच एकदा कुणाला तरी सांगितलं होतं. तीन मिनिटं तो भिंतीला टेकून उभा राहिला. बोळाच्या पहिल्या वळणापाशी जमीन कुरकुरली. मग अलीकडे, दुसऱ्या वळणापाशी. पावलाचा आवाज नव्हता तो; काहीतरी मऊ आणि जड, लोकरीसकट, ओढत येत होतं.

खट्. बाहेर पंखा फिरला. पेटीतून आधी गार, मग कोमट, मग खरी गरम हवा सुटली आणि खाली वळवलेल्या झडपेतून जमिनीवरून बोळाकडे गेली.

कुरकुर थांबली. बऱ्याच वेळाने ती पुन्हा ऐकू आली, या वेळी लांब जाताना.

दिवस मावळेपर्यंत रायमो खुर्चीवर बोळाकडे पाठ करून बसला आणि आकडा एकेक अंशाने एकवीसवर आणला. पाठ करून बसायचं त्याने ठरवून केलं. बघणं त्याला अपमान केल्यासारखं वाटलं.

९

शुक्रवारी त्याच्या सॉनात जीव आला. शनिवारी तीना आली, आणि नात मोजेही न घालता घरभर धावली. त्या रात्री नवा बर्फ पडला आणि पट्टा झाकला गेला.

हेल्वीबाई एप्रिलच्या मध्यावर, चार चाकांचा आधार ढकलत परतल्या. अंगातला कोट न काढता आधी मागे गेल्या. रायमो स्वयंपाकघरात थांबला. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"काही बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तीसवर नेलंस ते डोकं चांगलं चाललं. मला सुचलं नसतं फोनवर."

"काय आहे ते?"

"मला काय माहीत. साठ वर्षं झाली, ते खाली असताना पांघरूण कधी उचललं नाही." त्यांनी कॉफीचा वास घेतला. "लग्न होऊन आले तेव्हा सासूने खोली दाखवली आणि सांगितलं, इथे गार होऊ द्यायचं नाही. मग आम्ही लाकूड फोडलं. मी आणि माझा नवरा, अर्वो. सप्टेंबर ते मे, दिवसातून पाच वेळा चूल. कुठे लग्नाला गेलो नाही, कुठे मुक्काम केला नाही. एका हिवाळ्यात अर्वोचा पाय जायबंदी झाला, लाकूड ओलं निघालं, आणि मी एकटी पडले. सगळीकडे पुरेना." त्या थांबल्या. "मार्चपर्यंत अर्वो गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. त्याचे हात किती गार होते ते डॉक्टरांनी कुठे धरून पाहिले."

रायमोने आपला कप खाली ठेवला.

"मग हे यंत्र आलं. बसवणारा म्हणाला, बाई, हे बाहेरच्या हवेतली ऊब घेतं. मी दोनदा विचारलं, नक्की ना, माणसांची नाही ना. तो हसला. मी त्या दिवशी इथे बसून रडले, मास्तर. बाहेर केवढी हवा आहे. तिच्यातली थोडी घेतली तर कुणाला कमी पडत नाही."

केरसुणीने झाडलेल्या पंख्यापाशी कान देऊन उभ्या असलेल्या हेल्वीबाई त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. थेंबभर वीज वाया न घालवणारी ही बाई काटकसर करते असं त्याला वाटत आलं होतं. त्या पहारा देत होत्या, इतका चोख की चाळीस पावलांवर राहणाऱ्या माणसाला दोन वर्षं पत्ता लागला नाही.

"मी ब्याऐंशीची आहे," हेल्वीबाई म्हणाल्या. "तू सदुसष्टचा. यार्मोला सांगून उपयोग नाही, तो दहावर ठेवेल."

"मीही दहावर ठेवलं होतं."

"म्हणून तुला विचारतेय. तू परत ठेवणार नाहीस."

रायमोने होकार दिला. विचार करायला त्याला कप संपेपर्यंतचाच वेळ लागला, आणि पुढेही त्याला कधी पश्चात्ताप झाला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी त्याला बोलावलं. ऊन कडक होतं, तळं मोकळं झालं होतं. बाईंनी यंत्र बंद केलं, मागच्या खोलीत जाऊन खिडकी सताड उघडली आणि लाकडाची ढलपी लावून अडकवली. पलंगावर पांघरुणांची नीट घडी घातलेली होती. पलंग रिकामा होता.

"ऑगस्ट संपेपर्यंत आता काम नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे उन्हाळ्यात ते नसतं?"

"नसायला काय झालं? उन्हात जातं. आपण नाही का जात?" बाईंनी खिडकीतून बोट दाखवलं. "तुझ्या दक्षिणेच्या भिंतीला बाक आहे ना, तिथे बसतं बहुतेक. दुपारचं. काही करत नाही कुणाला."

रायमो त्या बाकावर दोन उन्हाळे रोज दुपारी बसला होता. बाकाचा भिंतीकडचा कोपरा नेहमीच जरा जास्त ऊबदार लागायचा, आणि तो हळूहळू तिकडेच सरकून टेकायचा.